ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे (आणि खणानारळाचीही नव्हे)

गिरणीवरची | रविवार, दुपारी ३:१०

परवा मुलांच्या हस्ताक्षराच्या धाग्यावर एका आईने लिहिलं होतं, शाळेने 'मुलाला ओटीला दाखवा' अशी चिठ्ठी दिली आणि नवरा ऑपरेशनच्या धास्तीने दोन रात्री झोपला नाही. मी हसले नाही. सोळा वर्षं हेच ऐकतेय. माझी आत्या अजून पाहुण्यांना सांगते, "आमची थेटरात असते."

मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजेच ओटी. मुंबईत शिकले (बारावी सायन्स, मग इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं), काही वर्षं सरकारी रुग्णालयात काढली आणि आता कराडजवळ पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत काम करते. सरकारी मराठीत आमच्या कामाला 'व्यवसायोपचार' म्हणतात. हौसेने पाटीवर तो शब्द लिहून घेतला, तर आठवड्याभरात एक गृहस्थ जिना चढून आले. त्यांचं दुकान चालत नव्हतं. पाटी बदलली.

ऑक्युपेशन म्हणजे इथे धंदा नाही. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं. चार वर्षांच्या पोराचं ऑक्युपेशन म्हणजे खेळणं, जेवणं, चड्डी वर ओढणं, अंगणवाडीत मांडी घालून बसणं, बहिणीचे केस ओढणं. यातलं काही जमत नसेल तर का जमत नाही ते शोधायचं, आणि जमण्यासाठी मूल बदलायचं, काम बदलायचं की जागा बदलायची ते ठरवायचं. फिजिओ स्नायू-सांधे-चालणं बघतात आणि आम्ही त्या हातापायांनी दिवस कसा पार पडतो ते बघतो, इतकं ढोबळ लक्षात ठेवलं तरी पुरे. प्रत्यक्षात दोघांचं काम बरंच एकमेकांत मिसळतं.

एक उदाहरण देते. (तपशील बदललेत, दोन-तीन मुलांचं मिळून एक केलंय.)

दुसरीतला मुलगा. तक्रार अशी की लिहीत नाही, वही गिचमिड, बोटं दुखतात म्हणून रडतो. आईने पर्समधून तीन रंगांच्या रबरी ग्रिप काढून टेबलावर मांडल्या, "यातली कुठली चांगली?" मी पेन्सिल दिलीच नाही. म्हटलं, बूट काढ. लेस सुटेना. पायाने पाय दाबून त्याने बूट ओढून काढला. मग खुर्चीवर बसवलं. पाय लोंबकळतायत, एका हाताने टेबलाची कड घट्ट धरलीय, डोकं दंडावर टेकलंय. म्हणजे ह्याचे निम्मे कष्ट खुर्चीवरून न पडण्यात चाललेत आणि उरलेल्या निम्म्यांत त्याने क काढायचाय.

कधी क नीट बघा. उभी रेघ, डावीकडे पोट, आणि तिथून उभी रेघ ओलांडून उजवीकडे वळलेली शेपटी. हा मुलगा रेघेशी आला की थांबायचा, पेन्सिल उचलायचा आणि पलीकडून नवीन सुरुवात करायचा. मोठ्या फळ्यावर काढायला लावलं तर उजवा हात पोटासमोरून डावीकडे जायलाच तयार नाही, त्याऐवजी सगळं अंग वळायचं. आणि एक. इंग्रजी अक्षरं ओळीवर बसतात, आपली ओळीला लटकतात. सेमी-इंग्रजीची पोरं दोन्ही एकाच वर्षी शिकतात. चाररेघी वहीत बसलेली सवय दुरेघी वहीत उपयोगी पडत नाही, आणि मग मराठीच्या बाई म्हणतात याचं लक्ष नाही.

उपाय म्हणून पहिल्या दिवशी फक्त पायाखाली पाट दिला. जेवायचा पाट. कागद भिंतीला चिकटवून खडूने मोठी अक्षरं. घरी बादली अर्धी भरून उचलणं, फडकं पिळणं, कणीक मळणं. आजी म्हणाल्या, "पोराच्या जातीला कणीक?" मी म्हटलं, लाटायला नंतर बसवू. पण नुसते हात बळकट करून अक्षर सुधारत नाही, लिहायचा सरावही रोज हवाच. तो दहा मिनिटांवर ठेवला आणि बाईंना विनंती केली की फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्याऐवजी चार ओळी चालवून घ्या.

अक्षर काही मोत्यासारखं झालं नाही. तीन महिन्यांनी अर्धं पान न रडता लिहायला लागला. आईची पहिली प्रतिक्रिया होती, "पण तुम्ही तर नुसतं खेळवताच की!"

हे ऐकून ऐकूनच धागा काढलाय. विचारा काय विचारायचं ते. इथे तपासल्याशिवाय कुणाच्या मुलाचं निदान करणार नाही, तेवढं सोडून.

सुतळी | रविवार, दुपारी ३:४१

वाचतेय. खाली मिरची कांडतात का? वरची मुलं शिंकून बेजार होत असतील.

गिरणीवरची | रविवार, दुपारी ४:०५

@सुतळी, मिरची नाही, फक्त दळण. पण गिरणीचा आवाज हा माझा खरा प्रश्न आहे. पट्टा दहाला सुरू होतो आणि फरशी हलकी थरथरते. काही मुलांना ती थरथर इतकी आवडते की ती जमिनीवर पालथी पडून राहतात. एक मुलगा मात्र कानांत बोटं घालून दारापाशी उभा. त्याची वेळ साडेआठची ठेवली. मालक भला माणूस आहे, त्याच्यासाठी कधीकधी सव्वादहा करतो.

निवांत_नाना | रविवार, सायंकाळी ६:२०

लेख चांगला आहे, पण एक प्रामाणिक शंका. आम्ही मातीत लोळलो, चिंचेवर चढलो, विहिरीत पोहलो. कुणाला कसली थेरपी लागली नाही. हल्ली मुलाने नाक शिंकरलं तरी त्याला तज्ज्ञ लागतो. हे आधी मोबाईल देऊन बिघडवायचं आणि मग पैसे भरून दुरुस्त करायचं, असं तर नाही ना?

चिंचगुळाची_आमटी | रविवार, सायंकाळी ६:३२

नानांना +१. आणि थोडं -१ पण.

गिरणीवरची | रविवार, रात्री ९:१५

नाना, अर्धं मान्य. चिंचेवर चढणं ही फुकटची थेरपी होती. हात, खांदे, तोल, अंदाज, भीती, सगळं त्यात यायचं. ज्या मुलांचं फक्त तेवढंच कमी पडलंय त्यांच्या पालकांना मी एकदाच बोलावते आणि बागेत पाठवते. फी एका वेळची.

पण उरलेलं अर्धं असं. तुमच्या वर्गात कुणीच नव्हतं का, ज्याला मास्तर 'ढ' म्हणून मागे बसवायचे? जो चिंचेवर चढायचाच नाही, खाली उभा राहून चिंचा गोळा करायचा? ज्याला चौथीनंतर कुणी पाहिलं नाही? त्याला थेरपी लागली नाही हे खरं नाही, मिळाली नाही.

निवांत_नाना | रविवार, रात्री १०:४८

होता एक. चपलेचा अंगठा कधी नीट धरता आला नाही त्याला, पाय फरपटत चालायचा. आम्ही काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही. तरीही मोबाईलचा मुद्दा मी सोडलेला नाही.

चाफेकळी_एडिसन | सोमवार, पहाटे ५:०२

न्यू जर्सीहून. माझा मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम (स्वमग्नता) आहे. इथे १९७५ च्या कायद्यापासून शाळेवर बंधन आहे, म्हणून ओटी शाळेतच मिळते, पैसे नाहीत. तीन वर्षांचा होईपर्यंत तर थेरपिस्ट घरी यायची. सोय उत्तम, तक्रार नाही. पण एक गंमत सांगते. शाळेच्या आराखड्यात, म्हणजे आयईपीमध्ये, एक उद्दिष्ट होतं की काट्या-चमच्याने स्वतः जेवेल. मीटिंगमध्ये सगळे खूश. घरी आम्ही वरणभात हाताने खातो आणि माझं दुखणं वेगळंच होतं. तो भाताला हात लावत नव्हता. एक शीत बोटाला चिकटलं की शर्टाला पुसायचा आणि ओरडायचा. सासूबाई आल्या होत्या, त्यांना वाटायचं मी त्याला साहेब करतेय.

शेवटी धीर करून थेरपिस्टला सांगितलं की आमच्याकडे हाताने कालवून खातात आणि आम्हाला ते यायला हवंय. ती दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, दाखव कसं कालवतात ते. मी रिकाम्या ताटलीत हवेतच भात कालवून दाखवला. तेव्हा पहिल्यांदा मलाच कळलं की अंगठा किती काम करतो!

प्रश्न असा की भाषेचं काय? एका ओळखीच्या बाईंना 'घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं' असं सांगितलंय.

गिरणीवरची | सोमवार, सकाळी ८:१०

@चाफेकळी, भाषेचं उत्तर सोपं आहे. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मराठी सोडली तर आजीशी बोलायची भाषा जाते, आणि आईसुद्धा आपल्या भाषेत जशी बडबडते तशी परक्या भाषेत बडबडत नाही. बोला मराठी.

कालवण्याबद्दल. भात कालवणं म्हणजे पाची बोटं वेगवेगळी कामं करतायत, तळहात कोरडा ठेवायचाय, घास बांधायचाय, आणि शेवटी अंगठ्याने तो तोंडात ढकलायचाय. चमच्यापेक्षा अवघड आहे. ज्या मुलाला ओलं-चिकट सोसत नाही त्याला थेट भातावर नेऊ नका. आधी कोरडं: तांदूळ, रवा, मग चुरमुरे, मग कोरडा भात, मग तुपाचा, वरण सगळ्यात शेवटी. शेजारी ओलं फडकं ठेवायचं, हवं तेव्हा पुसू द्यायचं. पुसता येतंय हे कळलं की मूल हात घालायला धजतं. हात धरून जबरदस्तीने भातात खुपसू नका. हे लिहावं लागतंय, कारण मी ते पाहिलंय.

साडेआठचा मुलगा आला. उरलेलं रात्री.

फलटणचा_पाहुणा | सोमवार, सकाळी ११:३०

अवांतर, पण आमच्या गावचा विषय निघालाय तर राहवत नाही. भारतात हे शास्त्र आणणाऱ्या बाईंचं नाव कमला निंबकर. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णु निंबकरांशी लग्न करून इकडच्याच झाल्या. १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा काढली. १९५२ मध्ये ओटींची अखिल भारतीय संघटना झाली आणि त्याच वर्षी ओटींच्या जागतिक संघटनेच्या संस्थापक देशांत भारत होता. पुढे नागपूरलाही शाळा निघाली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेल्या शाळेला 'कमला निंबकर बालभवन' हे नाव आहे. गावातल्या कित्येकांना शाळा माहीत, पण त्या कोण होत्या हे विचारलं तर 'कुणीतरी निंबकर घराण्यातल्या' इतकंच.

नागपुरी_संत्रं | सोमवार, दुपारी १:१५

मी नागपूरचीच, त्याच १९५८ च्या शाळेची. पाहुणे, धन्यवाद! आमच्याही बॅचला एकदा कुणीतरी विचारलं होतं, "तुम्ही ओटी भरता का?"

दोनपोरांचा_बाप | सोमवार, रात्री ८:५५

थोडं कडवट लिहितोय, समजून घ्या. मोठा साडेतीन वर्षांचा असताना निदान झालं. शहरातल्या एका सेंटरने (नाव देत नाही) पहिल्याच दिवशी वर्षाचं पॅकेज समोर ठेवलं. आठवड्याला सहा सेशन, आगाऊ भरले तर सवलत. पालकांनी बाहेर बसायचं. काचेवर काळा कागद. आत काय चालायचं? विचारलं की उत्तर ठरलेलं: "सेन्सरी चालू आहे, छान रिस्पॉन्स आहे." सात महिने. झोपाळा, ट्रॅम्पोलिन, ब्रशने अंग घासणं, वजनाचं जाकीट. सात महिन्यांनी पोरगा झोपाळ्यावर झकास बसायचा. शी लागली हे मात्र सांगत नव्हता, चड्डी काढता येत नव्हती. बायकोने नोकरी सोडली. मी पीएफ काढला.

ताई, तुमचा धागा चांगलाच आहे, पण तुमच्या धंद्यात (हो, धंदाच म्हणतो) हे चालतं, ते कोण लिहिणार?

गिरणीवरची | सोमवार, रात्री ११:२०

दादा, तुमचा राग माझ्याकडे जमा करते.

यात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे सेन्सरीची. जीन एअर्स नावाच्या कॅलिफोर्नियातल्या ओटीने संवेदना एकत्र जुळण्याचा सिद्धान्त मांडला, १९७२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातून आम्हाला बघायची नजर मिळाली. मूल टॅगवाला शर्ट फाडतं ते हट्टाने नव्हे, त्याला तो टोचतोच, हे समजलं. पण नजर मिळणं वेगळं आणि झोपाळ्याने मूल 'बरं' होणं वेगळं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच सांगितलं की या थेरपीचा पुरावा मर्यादित आहे, पालकांना ते सांगा, आणि उपयोग होतोय का ते मोजा. वजनाच्या जाकिटावर मी स्वतः पैसे घालवणार नाही.

दुसरी गोष्ट काळ्या कागदाची. त्याला कुठल्याच पुस्तकात आधार नाही. आई आत असेल तर मूल रडतं, लक्ष जातं, हे पहिले काही दिवस खरं असतं. पण माझ्याकडे मूल आठवड्यातून पाऊण तास असतं. उरलेला आठवडा ते घरी, शाळेत, आजोळी. त्या पाऊण तासात जे झालं ते आईला कळलंच नाही तर ते तिथेच, झोपाळ्यावरच राहतं. तुमच्या मुलाचं नेमकं तेच झालं. ऑस्ट्रेलियात आयोना नोव्हाक यांनी २०१३ मध्ये सीपीच्या, म्हणजे सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा राहत नाही ती अवस्था), उपचारांचा सिग्नलच्या रंगांत आढावा घेतला. त्यात कुटुंबाने ठरवलेल्या उद्दिष्टावर थेट सराव आणि घरी करायचा कार्यक्रम, दोन्ही हिरव्या रंगात आहेत.

कुठेही जा, हे विचारा: पुढच्या तीन महिन्यांत माझं मूल नेमकं काय करायला लागेल? 'सेन्सरी सुधारेल' हे उत्तर नाही. 'चड्डी गुडघ्यापासून कंबरेपर्यंत ओढेल' हे उत्तर आहे. मी आत बसू का? घरी काय करू? राज्याच्या परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? यातल्या एकालाही कपाळावर आठी आली तर चप्पल घाला.

नागपुरी_संत्रं | मंगळवार, सकाळी ९:४०

ताई, तुमचं बरोबर आहे, पण सेन्सरीला असं एका दमात झोडपू नका ना. माझ्याकडे एक मुलगी होती, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिली की शेजारणीला ढकलायची. गर्दीचा धक्का तिला सोसायचा नाही. रांगेच्या टोकाला उभी केली आणि त्याआधी पाच मिनिटं बेंच ढकलायचं, दप्तरं उचलायचं काम दिलं, तर प्रार्थना पार पडू लागली. हे सेन्सरीच आहे. चांगलं वापरणारेही आहोत आम्ही.

गिरणीवरची | मंगळवार, सकाळी ९:५८

@संत्रं, तू ते प्रार्थनेसाठी केलंस, झोपाळ्यासाठी नाही. मग आपलं भांडणच नाही. (तरी जाकीट नाहीच.)

आई_१८ | मंगळवार, दुपारी २:३०

कटिंगचं सांगते, कुणाला उपयोगी पडेल. मुलगा पाच वर्षांचा, स्वमग्न. कटिंग म्हणजे दर दोन महिन्यांनी युद्ध. मी पाय धरायचे, हे डोकं धरायचे, आणि सलूनवाले काका घामाघूम. एकदा कात्री लागली कानाला. मग झोपेत कापायला लागलो, एक बाजू आज, एक उद्या.

आमच्या ओटीताईंनी सलूनला जायचं पण केस कापायचे नाहीत असं सांगितलं. वेड्यात काढलं मी त्यांना. पहिल्या दिवशी नुसतं दारात उभं राहून परत. मग बाकावर बसून, मग खुर्चीवर, फडकं न बांधता. मग मशीन बंद ठेवून हातात दिलं. घरी माझ्या फोनवर मशीनचा आवाज बारीक करून ऐकवायचा, रोज थोडा मोठा. त्याला मानेवर पडणारे केस टोचतात हे कळल्यावर जुना ओलसर टॉवेल घरून न्यायला लागलो. काकांचे उपकार आहेत, दुपारी गिऱ्हाईक नसताना बोलवायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. एकोणिसाव्या खेपेला कापले. मागचे फक्त. पुढचे अजून मीच कापते, तिरके येतात.

सुतळी | मंगळवार, दुपारी २:४४

एकोणीस! काकांना माझा नमस्कार सांगा.

कोयनाकाठचा_मास्तर | मंगळवार, रात्री ९:०५

जिल्हा परिषद शाळा, तिसरी-चौथी, मी एकटा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सातावरून एकवीस प्रकार झाले, अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही त्यात आल्या, हे प्रशिक्षणात शिकवलं. वर्गात काय करायचं ते मात्र 'समावेशन करा' एवढंच. माझ्याकडे एक मुलगा आहे, हुशार, तोंडी सगळं येतं. शाळेत शी लागली की घरी पळून जातो. गावकरी म्हणतात शाळा आवडत नाही म्हणून पळतो. हे ओटीचं काम आहे का? विचारायला जरा संकोच वाटतोय.

गिरणीवरची | मंगळवार, रात्री ११:०२

मास्तर, संकोच करू नका, हे पूर्ण आमचंच काम आहे. आयाही तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दार लोटून, हळू आवाजात विचारतात: "आठ वर्षांचा झाला, अजून मीच धुते."

धुणं सोपं नाही. उकिडवं बसून तोल सांभाळायचा, एका हाताने मग ओतायचा, दुसरा हात मागे न्यायचा, आणि तो हात दिसत नाही. न बघता हात कुठे आहे ते कळावं लागतं. काही मुलांना हेच कळत नाही. काहींना उकिडवं बसून टाचा टेकवता येत नाहीत, मग ती पडायच्या भीतीने एका हाताने भिंत धरतात आणि धुवायला हातच उरत नाही.

तुमच्या मुलाला खेळता खेळता उकिडवं बसवून बघा, खडे वेचायच्या निमित्ताने. टाचा उचलल्या जातात का? मग पाठीमागे, कंबरेखाली चड्डीला कपड्याचा चिमटा लावा आणि न बघता काढायला सांगा. दहा चिमटे, शर्यत लावून. पोरांना वाटतं खेळ आहे. आणि शाळेच्या संडासात भिंतीला धरायला एक आडवी दांडी लागली तर या मुलाचाच नाही, पाय मोडलेल्या कुठल्याही पोराचा प्रश्न सुटेल. कडीही बघा, त्याला आतून लावता येते का. कधी कधी सगळं नाटक त्या कडीचंच असतं.

कोयनाकाठचा_मास्तर | बुधवार, सायंकाळी ५:१२

कडीच! गंजून घट्ट झालीय, मलाच दोन हातांनी लावावी लागली. तेल घातलं. टाचाही उचलतो, चिमट्यांचा खेळ उद्या घेतो. आणखी एक. बाकांवर पाय लोंबकळणारी सात पोरं निघाली. पाट कुठून आणू? विटा चालतील का? उंची किती?

गिरणीवरची | बुधवार, रात्री ८:४०

चालतील, पोत्यात गुंडाळून, म्हणजे सरकणार नाहीत. उंची प्रत्येकाची वेगळी. पाऊल सपाट टेकलं पाहिजे आणि गुडघा काटकोनात. लिहायची फळी कोपरापेक्षा दोन बोटं वर. त्याहून उंच असला की खांदे कानाला लागतात.

दोनपोरांचा_बाप | बुधवार, रात्री १०:१५

ताई, खेड्यातल्यांचं कसं जमतं? आमच्याकडे निदान पीएफ तरी होता.

गिरणीवरची | गुरुवार, रात्री १०:३०

उत्तर द्यायला एक दिवस लागला, कारण खरं उत्तर 'जमत नाही' असं आहे.

कागदावर व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायची असते, सोबत दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. विकासात मागे असलेलं मूल सापडलं की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, उपचार मोफत. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना आहे, ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाखापर्यंत, आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो. दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. हे सगळं वापरा, मी लोकांना फॉर्म भरून देते.

पण बीडकडची एक मुलगी सांगते. चार वर्षांची, सीपी. आईबाप ऊसतोडीला, कोयता घेऊन दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे येतात, मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. अंगणवाडीची गाडी त्यांच्या गावी जाते तेव्हा ही इथे कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत असते. मला ती सापडली ती गिरणीमुळे. आई दळण घेऊन आली होती आणि मुलगी पाठीवर, मान मागे पडलेली.

पहिला प्रश्न जेवणाचा होता. आई तिला मांडीवर आडवी घेऊन, मान मागे करून पातळ भाकरी-दूध ओतायची. दर घासाला ठसका. छातीत कफ भरलेला. अशा मुलाला आडवं भरवणं म्हणजे दूध थेट श्वासनळीत जायला वाट करून देणं. तिला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून आणि खालून आणायचा, वरून नाही, म्हणजे ती मान वर करत नाही. भाकरी दुधात कुस्करून दाट ठेवायची. हे मी बोलून नाही, आईला स्वतःला मान मागे टाकून पाणी प्यायला लावून दाखवलं. ती एकाच घोटात समजली. छाती डॉक्टरांनाही दाखवली, ते आधी.

पण ताठ बसवायचं कशावर? तयार खुर्ची मिळते, पण किंमत तिच्या आईला सांगायलाच लाज वाटावी अशी. म्हणून पुठ्ठ्याची केली. गिरणीत जात्याभोवती सांडलेलं पीठ मालक मला ठेवतो, त्याची खळ शिजवली. खोक्यांचे पुठ्ठे एकावर एक, आतल्या नळ्या एकाची उभी तर दुसऱ्याची आडवी, असे चिकटवून दळणाच्या डब्यांखाली दाबून वाळवले. वाळल्यावर फळीसारखं टणक होतं. मुलीचं माप घेऊन कापलं, मागे कोपऱ्यासारखी पाठ केली म्हणजे खांदे आत येतात, मांड्यांच्या मध्ये एक ठोकळा, समोर ताटलीपुरती फळी, वरून ऑईलपेंटचे दोन हात. पाऊस नसतो तोवर टिकते. त्या सीझनभर ती त्यात बसून खायची, आणि शेवटी शेवटी भाकरीचा तुकडा आपणच उचलून तोंडापर्यंत न्यायची. अर्धा कोंबडीला जायचा.

या सीझनला परत आले. खुर्ची आणलीच नव्हती. गावी त्यात पाण्याची कळशी ठेवतात, मापात बसते म्हणे. मुलगी वाळू भरलेल्या पोत्याला टेकून बसते. ते आईनेच शोधलंय, आणि खरं सांगायचं तर वाईट नाही. पण ती वाढलीय, पाय आता पुढे मोकळे सुटतात. नवीन करायला घेतेय. मोठं, जाड खोकं हवंय, फ्रीजचं असेल तर उत्तम. कराड-सातारा-सांगली भागात कुणाकडे पडलं असेल तर विपू करा (माझ्या विचारपुशीत लिहा), मी न्यायला येईन.

सुतळी | गुरुवार, रात्री १०:५२

फ्रीजचं नाही, कूलरचं आहे. माळ्यावर. थोडं उंदराने खाल्लंय एका कोपऱ्यात. चालेल?

गिरणीवरची | गुरुवार, रात्री १०:५५

चालेल. कोपरा तसाही कापायचाच आहे.